जीपच्या अख्ख्या चेसीला क्रोम : गोव्यात हा उद्योग करावा का?

अस्नोड्याचा_जीपवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

घरची जुनी महिंद्राची सीजे-३बी आहे. बॉडी उतरवून ठेवलीय, इंजिन वेगळं बांधायला दिलंय, चेसी उघडी पडलीय. पुन्हा तोच हिरवा रंग मारून सोडायची इच्छा नाही. अमेरिकन हॉट रॉडच्या धर्तीवर करायचीय : बसकी, पुढचे मडगार्ड काढलेले, चाकं उघडी, आणि खालची चेसी सगळी क्रोमची. तिकडच्या शोमध्ये गाडीखाली आरसे मांडतात म्हणे, म्हणजे उभ्याउभ्या पाहिलं तरी चेसी, ॲक्सल, सगळं लखलखताना दिसतं. ते फोटो पाहिल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय.

तर विचारायचं हे की एवढा मोठा जॉब घेणारं आसपास कोणी आहे का? क्रोम मारलं की लोखंड ठिसूळ होतं असं आमचा मिस्त्री म्हणतो, त्यात तथ्य किती? आणि गाडी राहणार अस्नोड्यात पण फिरणार वागातोर-हणजूणच्या बाजूला. खाऱ्या वाऱ्यात काय होईल?

चकाकी
वा! गोव्यात असला धागा म्हणजे पर्वणी. करा हो बिनधास्त. हिरव्या जीपा पैशाला पासरी पडल्यात.

मालीमचा_तांडेल
बाबा रे, आमच्याकडे बोटीवर क्रोमची वस्तू दिसली की समजायचं मालक नवीन आहे. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर तपकिरी ठिपके उठतात, तिसऱ्यात पापुद्रा सुटतो. जेटीवर रेलिंग, कडी, बिजागरी सगळं एसएस ३१६ चं, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील. नेहमीचं ३०४ सुद्धा डागाळतं. क्रोम फक्त विंचच्या हायड्रॉलिक रॉडवर, आणि ते हार्ड क्रोम, त्याला रोज तेल असतं म्हणून तगतं.

अस्नोड्याचा_जीपवाला
तांडेल, पण जुन्या गाड्यांचे बंपर? माझ्या काकांच्या फियाटचा बंपर अजून तोंड दिसेल असा आहे, आणि ते राहतात बाणावलीला.

टाकीवाला
मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडला प्लेटिंगच्या धंद्यात काढली, आता फोंड्याला असतो. जरा सविस्तर लिहितो.

काकांचा बंपर टिकला तो क्रोममुळे नाही, खालच्या निकेलमुळे. शोभेच्या कामात क्रोमचा थर किती असतो? पाव ते अर्धा मायक्रॉन. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या घरात, म्हणजे बघा. क्रोमचं काम निळसर झाक देणं, ओरखडे अडवणं आणि निकेल काळवंडू न देणं, एवढंच. पाणी अडवण्याचं काम निकेलचं. आत तांबं असलं तर ते खड्डे भरून पॉलिश व्हायला मदत करतं. जुन्या चांगल्या बंपरवर निकेल ३० मायक्रॉनच्या वर सापडेल, आणि तेही दोन थरांत : खाली गंधक नसलेलं सेमी-ब्राइट, वर चकचकीत ब्राइट. वरचं निकेल आधी झिजतं, त्यामुळे गंज आडवा पसरतो, उभा लोखंडापर्यंत लवकर उतरत नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 'क्रोम'मध्ये नेमकी इथेच चोरी होते. वरून दोन्ही सारखेच चमकतात.

ही चोरी कधी कधी सरकारी हुकमानेही झालीय. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलची टंचाई झाली, कारखान्यांना मोटारींसाठी निकेल जपून वापरावं लागलं, आणि १९५२-५३ च्या गाड्यांचं क्रोम चटकन गेलं. तिकडचे जुने गाडीवाले अजून त्या क्रोमला नाकं मुरडतात.

आता गोव्याचा प्रश्न. जस्त लोखंडासाठी स्वतः झिजतं. ओरखडा पडला तरी बाजूचं जस्त आधी जातं, लोखंड वाचतं. निकेल-क्रोमचं उलटं आहे. ते लोखंडापेक्षा 'वरच्या जातीचं', त्यामुळे थराला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्या भोकातलं लोखंड एकटंच खाल्लं जातं, तेही रंगाखालच्या लोखंडापेक्षा वेगाने. सभोवार मोठा चकचकीत पत्रा आणि मध्ये एवढंसं उघडं लोखंड, वर मिठाचं पाणी. तांडेलला जे ठिपके दिसतात ते हेच.

मिस्त्रीच्या ठिसूळपणाबद्दल जेवून लिहितो.

पॉपकॉर्न_हातात
टाकीवाले काका, जेवण लवकर आटपा.

रसायनी
मधल्या वेळात मी थोडं. (मी शिकवते, धंद्यात नाही.) क्रोमच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असतं, लिटरला साधारण २५० ग्रॅम, आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं सल्फ्युरिक. वीज सोडली की त्यातली जेमतेम १० ते २० टक्के क्रोम बसवायला खर्ची पडते, उरलेली बहुतेक हायड्रोजन सोडण्यात जाते. त्या बुडबुड्यांबरोबर ॲसिडचं पिवळं धुकं वर येतं. हे षटसंयुजी (हेक्सावॅलंट) क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्यात आता शंका उरलेली नाही. जुन्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोकं पडलेली असत. युरोपमध्ये सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे तमिळनाडूत राणीपेटच्या भूजलाचं काय झालं ते वाचून पाहा.

सांगायचा मुद्दा, कोणी 'घराच्या मागे ड्रम ठेवून करून देतो' म्हणालं तर त्याच्या दारातही जाऊ नका. सांडपाण्यातलं क्रोमियम आधी मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी, म्हणजे कमी घातक रूपाचं, करून मग चुन्याने खाली बसवावं लागतं. ड्रमवाला ते विहिरीशेजारी ओतणार. आणि बार्देशात विहिरी किती, ते मी सांगायला नको.

चकाकी
ताई, मग त्रिसंयुजी क्रोम करा की. तेही मिळतं.

रसायनी
मिळतं, आणि कामगारांसाठी कितीतरी बरं. पूर्वी रंग किंचित काळसर यायचा, आता फरक पटकन कळत नाही. पण गंजाचं गणित बदलत नाही, ते निकेलवरच. शिवाय दहा फुटी चेसी बुडेल एवढी टाकी हवी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

टाकीवाला
हो, टाकी. तिथेच घोडं पेंड खातं.

चेसी दहा फुटांच्या आसपास. आडवी, पण एका कडेवर उभी टांगून बुडवायची तर ३,००० लिटरची टाकी तरी हवी, म्हणजे नुसतं क्रोमिक ॲसिडच पाऊण टन. त्याआधी तेवढीच निकेलची टाकी, तांब्याची, ॲसिडची, धुण्याच्या चार-पाच. आता वीज. चेसीची डबी बंद करून (म्हणजे पन्हळीची उघडी बाजू पट्टी वेल्ड करून) घेतली तरी बाहेरचं क्षेत्रफळ ढोबळमानाने ३ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस डेसिमीटर. क्रोमला डेसिमीटरमागे १२ अँपिअर धरा, ३,६०० अँपिअर झाले. एवढा रेक्टिफायर (टाकीला डीसी वीज पुरवणारं यंत्र) बंपर-सायलेन्सरवाल्याकडे नसतो. गंमत म्हणजे वेळ फारसा लागत नाही. निकेल ४ अँपिअरने चालवलं तर ४० मिनिटांत ३० मायक्रॉन, आणि क्रोम काही मिनिटांत. खरा वेळ जातो बफिंगला. क्रोम खड्डा झाकत नाही, उलट चहाटळासारखा सगळ्यांना दाखवतो. जुन्या चेसीवरचा प्रत्येक पिटिंगचा खड्डा वेल्डने भरून, घासून, आरसा करावा लागतो. लांबी (पुट्टी) चालत नाही, ती वीज वाहत नाही.

लांब टाक्या असतात त्या हार्ड क्रोमवाल्यांकडे. बेळगावला उद्यमबागेत, कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावात हायड्रॉलिकची कामं चालतात, तिथे चौकशी करा. पण त्यांना 'शोभेचं' म्हणून स्पष्ट सांगा. हार्ड क्रोम थेट लोखंडावर चढवतात, जाड असतं, आणि त्यात बारीक तडे असतातच. खाली निकेल नसेल तर तुमच्या हवेत ते गंजणार.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. क्रोम आतल्या कोपऱ्यांत शिरत नाही. पावसात वळचणीखालची जमीन कोरडी राहते ना, तसं क्रॉस मेंबर (मधली आडवी पट्टी) जिथे चेसीला मिळतो तो कोपरा पिवळट निकेलच राहतो, आणि बाहेरच्या धारांवर मात्र इतकं बसतं की जळून राखाडी होतं. मुरलेला माणूस कोपऱ्यासाठी वेगळा ॲनोड वाकवून आत बसवतो. चेसीला असे कोपरे भरपूर. आमच्याकडे एक जुना कारागीर होता, तो जॉब हातात घेऊन पाच मिनिटं नुसता फिरवून बघायचा आणि मग 'नाही' म्हणायचा. त्याचं 'नाही' कधी चुकलं नाही.

अस्नोड्याचा_जीपवाला
बाप रे. आणि ठिसूळपणा?

टाकीवाला
मिस्त्रीचं अर्धं खरं. ताईंनी सांगितलेला हायड्रोजन पोलादात शिरतो. कडक पोलादात तो आतून ताण आणतो आणि भार आला की, कधी नुसतं घट्ट करून ठेवल्यावर दोन दिवसांनीही, तुकडा काहीही न सांगता तुटतो. ढोबळ मर्यादा १,००० मेगापास्कल ताणशक्तीच्या आसपासची. तुमची चेसी साध्या मऊ पोलादाची, ती त्या मर्यादेच्या खूप खाली, तिला या कारणाने भीती नाही. पण कमानपाटे, १०.९ आणि १२.९ ग्रेडचे कडक बोल्ट, टॉर्शन बार यांना क्रोम नको म्हणजे नको. स्टिअरिंगचे रॉड, नकल, ब्रेकचं काहीही, हेही माझ्या हिशेबी वर्ज्य. कारखान्यात करतात तेव्हा प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजतात. बंपरवाला भाजणार नाही, आणि 'भाजलं' म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.

फिटर_फातोर्ड्याचा
टाकीवाल्यांनी एक सोडलं, ते मी सांगतो. जीपची चेसी रिबिटांची आहे. दोन पट्ट्या एकमेकांवर चढवून रिबिट ठोकलेली. त्या फटीत ॲसिड शिरलं की धुऊन निघत नाही. गाडी तयार होते, पूजा होते, आणि महिन्याभराने फटीतून तांबूस पाणी पाझरायला लागतं. मी हे एका बुलेटच्या फ्रेममध्ये पाहिलंय, जिथे नळी लगमध्ये शिरते नेमकं तिथून.

फटी एक तर पूर्ण वेल्ड करून बंद करायच्या नाहीतर जॉबच द्यायचा नाही. डबी बंद केलेल्या चेसीचंही तेच. एक तर ठार बंद, साबणाचं पाणी लावून हवा भरून तपासलेली. नाहीतर दोन्ही टोकांना एवढी मोठी भोकं की ॲसिड भसकन बाहेर आलं पाहिजे. अर्धवट बंद सर्वांत वाईट. कुठलाही ब्रॅकेट राहिला असेल तर तो आधी. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॉडी, सगळं एकदा कोऱ्या चेसीवर चढवून बघा, मग उतरवा. क्रोमवर नंतर वेल्डिंग करायला गेलात तर थर जातोच आणि धूर विषारी.

चकाकी
तुम्ही सगळ्यांनी मिळून बिचाऱ्याला घाबरवून सोडलंत. अहो, हॉट रॉड ही टिकवायची वस्तूच नाही! अमेरिकेत ऑकलंडला सुरू झालेला हॉट रॉडांचा रोडस्टर शो १९५० पासून चाललाय, आता पोमोनाला भरतो. तिथे ज्या गाड्या येतात त्यांच्या चेसीला कोणी चिखल लावणार आहे का? ती मिरवायची गाडी. ट्रेलरवरून न्यायची, पुसायची, परत आणायची. आपल्याकडे कार्निव्हलच्या फ्लोटवर चार दिवसांसाठी लोक महिनाभर राबतात, त्यांना कोणी विचारतं का, 'थर्मोकोल किती वर्षं टिकेल?'

फिटर_फातोर्ड्याचा
चकाकीभाऊ, फ्लोटवर बसून कोणी वागातोरचा चढ उतरत नाही.

चकाकी
:-)) मान्य. पण धागाकर्त्याने ठरवावं, मिरवायची की फिरवायची.

मालीमचा_तांडेल
हेच मी म्हणत होतो. ट्रेलरवाली असेल तर करू दे की, आमचं काय जातं. पण गडी म्हणतोय की हणजूणला फिरवणार.

पणजीतला_कागदवाला
सगळे रसायनशास्त्रात रमलेत, कागदांचं कोणी बोलत नाही.

चेसीवर नंबर ठोकलेला असतो. बफिंगवाल्याने चाक लावलं की तो पुसट होणार, वर ४० मायक्रॉन चढले की आणखी बुजणार. आरटीओत निरीक्षक कागद ठेवून पेन्सिल घासतो, ठसा उमटला नाही तर पुढचं सगळं अडलं. नंबर खोडला असा संशय आला तर प्रकरण वेगळ्याच टेबलावर जातं. त्यामुळे पॉलिशच्या आधी ठसा घ्या, तारखेसह फोटो काढा, आणि नंबराची जागा झाकून ठेवायला सांगा. झाकायचं लाखेसारखं लॅकर मिळतं, टाकीवाले सांगतील. तेवढा तुकडा क्रोमशिवाय राहिला तरी चालेल, त्यावर पारदर्शक कोट मारा.

दुसरं. क्रोम हा नुसता लेप आहे, त्याने नोंदणीत फरक पडत नाही. पण 'बसकी, मडगार्ड काढलेली' हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तिसरं, आणि हे तुम्हाला लागू पडू शकतं. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांत ती 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. पण अट अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. एकदा चेसी कापून बसकी केली की ते दार बंद. आधी आरसी काढून तारीख बघा.

अस्नोड्याचा_जीपवाला
आरसी बघितली. ५० पूर्ण व्हायला थोडा अवकाश आहे. म्हणजे कापाकापीचा बेत आत्ताच रद्द. वडिलांना हे सांगितल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ते आधीपासून विरोधातच होते.

मग नुसतं क्रोम तरी?

टाकीवाला
आणखी एक गोष्ट, मग मी थांबतो. शिडीसारखी चेसी खडबडीत रस्त्यावर पीळ खाते, ती तशीच बनवलेली असते. ब्राइट निकेल फारसं ताणलं जात नाही. जिथे पीळ जास्त, म्हणजे स्प्रिंग हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर, तिथे केसासारखे तडे जातात. मग वर सांगितलेली टाचणीच्या भोकाची गोष्ट. त्यात आपली तांबडी माती. पावसात कोपऱ्यात थापली की आठवडाभर ओली राहते, आणि चेसीच्या वरच्या बाजूला पाइप मारायला हात पोचत नाही. शोची गाडी असती तर मी स्वतः बेळगावपर्यंत आलो असतो. फिरवायच्या जीपची चेसी मी क्रोम करणार नाही.

चकाकी
मी अजूनही असहमत, पण गप्प बसतो.

रसायनी
मधला मार्ग म्हणून इलेक्ट्रोलेस निकेल सुचवते. त्यात वीज लागत नाही, कोपरा-धार सगळीकडे सारख्या जाडीचा थर बसतो. फॉस्फरस जास्त असलेला प्रकार मिठालाही बरा. चमक मात्र क्रोमची नाही, स्टीलच्या डब्यासारखी. आणि एवढी टाकी मिळण्याचं दुखणं तेच. लहान भागांना उत्तम.

मालीमचा_तांडेल
जस्त! सगळे विसरलात. चेसी गॅल्व्हनाइझ करा, वर काळा पावडर कोट. विलायतेत जुन्या लँड रोव्हरना गॅल्व्हनाइझ्ड चेसी बसवतात.

फिटर_फातोर्ड्याचा
तांडेलला +१. चेसी काळी कुळकुळीत आणि त्यावर सुटे भाग क्रोमचे. काळ्यावर क्रोम उठून दिसतं, क्रोमवर क्रोम नुसतं डोळ्यांत जातं. बंपर, हेडलाइटच्या रिंगा, आरशाचे दांडे, रेडिएटरचे ब्रॅकेट, स्टिअरिंग कॉलमची नळी, बॅटरीची चौकट. ज्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही आणि जे बोल्ट सोडून घरी धुता येतं, ते सगळं चमकवा. पुढेमागे एखादा भाग गेला तर तेवढाच परत मारून आणायचा. सायलेन्सरला मारायचं असेल तर गरम होऊन तो निळा-पिवळा पडतो, मग आमच्या नावाने खडे फोडू नका. ग्राहकाला निकेलची जाडी मोजून मागता येते, मीटर असतो. बिलावर लिहून घ्या.

अस्नोड्याचा_जीपवाला
हे पटलं. फिटरदादांची यादी मिस्त्रीला दाखवली, तो म्हणाला "हें बरें आसा". चेसी जस्त आणि काळी, सुटं सगळं क्रोम, आणि आरशांचा बेत अजून सोडलेला नाही, काळी चेसी आरशात बघायलाही हरकत नसावी. चकाकी, तुम्हाला पहिली फेरी माझ्याकडून.

गॅल्व्हनाइझिंगबद्दल विचारतो : चेसी वाकते का त्यात?

चकाकी
फेरी घेणार. पण चिखलात नेऊ नका.

टाकीवाला
वाकू शकते. वितळलेलं जस्त ४५० अंशांच्या आसपास असतं, आणि वेल्डिंगचे ताण आत दबून बसलेले असतील तर तिथे मोकळे होतात. चेसी हळूहळू आणि एकाच दमात पूर्ण बुडाली पाहिजे, दोनदा उलटसुलट बुडवायला लागली तर वाकण्याची शक्यता जास्त. भोकांचा नियम इथे आणखी कडक आहे, बंद पोकळीत ओल राहिली तर वाफेने स्फोट होतो. म्हणून डबी बंद करायच्या आधी प्लांटवाल्याला दाखवून भोकं कुठे हवी ते खडूने मारून घ्या. नंबर इथेही जस्ताने भरतो, कागदवाल्यांनी सांगितलेली खबरदारी तशीच घ्या. जस्तावर थेट पावडर मारली तर भट्टीत बुडबुडे येतात, आधी पृष्ठभाग हलका खरवडून घ्यायला सांगा.

३ ते ६ मिलिमीटर जाड पोलादावर साधारण ७० मायक्रॉन जस्त बसतं, त्याहून पातळ असेल तर कमी. तेव्हा बोलणी करायच्या आधी चेसीचा पत्रा कॅलिपरने मोजून इथे टाका. चांगल्या जागी नव्हे, मागच्या क्रॉस मेंबरजवळ, जिथे सर्वांत जास्त खाल्लाय तिथे. दोन मिलिमीटरच्या खाली आला तर आधी तो तुकडा बदलायचा.